गुलाबी खटका

माझा साडू माणूस म्हणून कसा आहे, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, कवळीसारखा. वरून पांढराशुभ्र, आतून गार, आणि दुसऱ्याच्या तोंडात जाऊन बसायची सवय.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने त्याच्याशी लग्न केलं, हा तिचा दोष. त्यामुळे तो माझा साडू झाला, यात माझा काय दोष ते अजून मला कुणी समजावलेलं नाही. वर तो माझा मालकही आहे. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचा त्याचा छोटा कारखाना आहे. तयार कवळ्या डब्यांत घालून सायकलवरून दवाखान्यांत पोचवायचं काम माझं.

आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. माझा पुढचा एक दात पडला तेव्हा घरचाच माणूस म्हणून त्याने मला नवा करून दिला, आणि तो मुद्दाम लांब केला. तो म्हणतो, माप बरोबर होतं, तोंडच चुकीचं होतं. त्या दिवसापासून मी त्याचाच दात बसवून त्याच्यावर दात ओठ खातो. कारखान्यात काही सांगायचं झालं तर मध्ये पॉलिशवाली बाई असते. फिरत्या चाकावर कवळ्या घासून चकचकीत करायचं काम तिचं. तोंड मात्र ती आम्हा दोघांसाठी वापरते.

"त्या घोडेस्वाराला सांग, वरच्या दवाखान्यातली पेशंट तोंड उघडून बसलीय."

"मालकांना सांग, त्यांनी तोंड मिटलं तर मी लवकर निघेन."

आणि ती तिघांत हातभर अंतर असताना सगळं पुन्हा मोठ्याने म्हणते, कारण तसं केलं नाही तर आम्ही ऐकू आलं नाही असं धरतो.

आता ज्याने सगळा घोळ केला तो चढ. आमच्याकडचे बरे डॉक्टर टेकडीवर बसतात, कारण त्यांना हवा हवी असते आणि पेशंटला दम लागलेला हवा असतो. तो चढ इतका उभा आहे की एकदा मी वर जाताना माझीच सावली माझ्या आधी घसरत खाली गेली आणि दुपारपर्यंत परत आली नाही. खोटं वाटत असेल त्याने एकदा चढून बघावं.

असा चढ गिअरशिवाय जात नाही. माझ्या सायकलच्या उजव्या मुठीखाली एक खटका आहे. अंगठ्याने ढकलला की चेन मागच्या मोठ्या चक्रावर जाते आणि सायकल हलकी होते. बोटाने ओढला की उलट, जड आणि पळती. ओढायला काही लागत नाही, बोट अजून ऐकतं. ढकलायला अंगठा लागतो, आणि माझ्या अंगठ्याने गेल्या थंडीत राजीनामा दिला.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून, आधी ठणका सुरू झाला. मग तिथे सुपारीएवढी गाठ आली. मग बाकीच्या बोटांच्या पेरांनी सुपारी बघितली आणि त्यांनाही हौस आली. सकाळी उठलो की मूठ उघडायला तिची समजूत काढावी लागायची. शर्टाची बटणं बायको लावायची. किल्ली मी दोन्ही हातांत धरून फिरवायचो, जसं काही किल्ल्याचं दार उघडतोय. हाडांचा डॉक्टर म्हणाला, संधिवात आहे, झीज आहे, चिमटीत धरून जोर लावायचं कुठलंच काम करायचं नाही. "अंगठ्याऐवजी तळहात वापरा. आणि सकाळी गरम मेणात हात बुडवा, आराम पडेल."

बायको म्हणाली, "भावजींना सांगून टाका एकदाचं. ते काय खाणार आहेत तुम्हाला?"

"खाणार नाही गं. चघळेल."

कारण मला पुढचं सगळं दिसत होतं. साडूला एक जावई आहे. जावयाला एक स्कूटर आहे. जावयाला स्कूटर आहे याशिवाय त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माझा हात गेला हे कळलं की फेरी त्याला, आणि मला डबे भरायच्या टेबलावर. ते टेबल साडूच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर आहे. म्हणजे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ते थोबाड समोर, मरेपर्यंत. रस्त्यावर मी राजा होतो. टेबलावर मी त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा होणार होतो, आणि कायमचा.

म्हणून मी हात लपवला. गिअर कसेबसे बदलत राहिलो, आणि त्यासाठी जे जे केलं ते ऐकून सर्कशीवाल्यांनी मला बोलावणं धाडलं असतं. डावा हात पलीकडे नेऊन त्याच्या तळव्याने खटका ढकलून पाहिला, तर सायकल पिऊन आल्यासारखी चालायची. खटक्याला दोरी बांधून दातात धरून पाहिली, पण साडूने केलेला तो लांब दात मध्ये यायचा. गुडघ्याने ढकलून पाहिलं आणि एका बाईच्या कुंपणात जाऊन बसलो. शेवटी नाद सोडला आणि चेन कायमची मोठ्या चक्रावर ठेवून दिली. चढावर ठीक होतं, पण सपाट रस्त्यावर पाय मिक्सरसारखे फिरायचे आणि सायकल मुंगीसारखी. चालत जाणाऱ्या म्हाताऱ्या मला मागे टाकून पुढे जाऊन वर विचारायच्या, "काय हो, मागे काही विसरलात का?"

त्यामुळे डबे उशिरा पोचायला लागले. एके दिवशी उशीर भरून काढायला मी उतारावर खटका ओढून गिअर जड केला, आणि पुढच्या चढावर तो परत ढकलता येईना. डावा हात पलीकडे नेला आणि आडवा झालो. डबा फुटला, कवळी गटाराकाठी जाऊन पडली आणि एका कुत्र्याने ती उचलली. कशी कोण जाणे, पण त्याला ती बसली. तो माझ्याकडे बघून हसत हसत निघून गेला. इतका प्रतिष्ठित कुत्रा मी पुन्हा पाहिला नाही.

साडूने नवी कवळी केली. तोंडातून ब्र काढला नाही. तो गप्प बसला की समजावं, कुठेतरी खणतोय.

त्या मेणाचं सांगायचं राहिलं. कवळीचा साचा आधी मेणात करतात, म्हणून कारखान्यात मेणाचं पातेलं सतत गरम असतं. सगळ्यात आधी कुलूप मी उघडायचो, कारण डबे घ्यायचे असायचे. कुणी येण्याआधी मी हात पातेल्यात बुडवायचो, काढायचो, पुन्हा बुडवायचो. मेणाचा जाड हातमोजा तयार व्हायचा आणि आतला ठणका हळूहळू मवाळ व्हायचा. मग मोजा सोलून परत पातेल्यात टाकायचो. वितळला की पुरावा गेला. मी मेणाचा एक तुकडाही मागे ठेवला नाही. मूर्ख नाही मी.

म्हणून त्या दिवशी फेरीवरून परत आलो आणि टेबलावर हात बघितला, तेव्हा माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

प्लॅस्टरचा, पांढरा, मनगटापासून कापलेला उजवा हात. पालथा, डबे भरायच्या टेबलाच्या मधोमध. अंगठ्याच्या मुळाशी सुपारी, पेरापेरांत गाठी, मधलं बोट एका बाजूला कलंडलेलं. नखंसुद्धा आली होती. साडू खुर्चीत रेलून बसला होता, शेजारी जावई स्कूटरची चावी बोटावर फिरवत उभा. त्याचं ते बोट गरागरा फिरत होतं. मला इतका राग कुठल्या बोटाचा आला नव्हता.

"त्याला सांग," साडू पॉलिशवालीला म्हणाला, "भंगार मेणाच्या डब्यात मोजा सापडला. त्यात प्लॅस्टर ओतलं आणि मेण वितळवून टाकलं. दोन महिने मला प्रश्न पडला होता, सायकल म्हातारी झाली की स्वार. उत्तर टेबलावर आहे."

"मालक म्हणतायत—"

"ऐकलं मी."

"आणि हेही सांग, उद्यापासून फेरी जावई करेल. हे टेबल पुसून ठेवलंय. खुर्चीला उशी पण लावलीय. आमच्याकडे आजारी माणसांना हाकलत नाहीत."

ती उशी खरंच होती. फुलाफुलांची. माझ्या आकडसासूने, म्हणजे त्याच्या बायकोने, भरलेली. असला अपमान फार विचार केल्याशिवाय सुचत नाही.

मी तो हात उचलला. दोन्ही हातांत, कारण एकात धरवला नसता. तोंडात शिव्या तयार होत्या, पण मनात एकच गोष्ट घोळत होती: मी तर मोजा पातेल्यात टाकतो. भंगाराच्या डब्यात कधीच नाही. मग मी हात उताणा केला, परत पालथा केला, आणि अनामिकेकडे बघितलं. गाठीच्या खाली एक कडं उमटलं होतं. अंगठीचं.

माझी अंगठी तर बोट सुजल्यावर सोनाराने कापून काढली होती. पेटीत दोन तुकडे पडलेत. मी मान वर करून साडूच्या हाताकडे बघितलं. त्याने तो पटकन टेबलाखाली घेतला. पण टेबलाखाली जाताना अंगठी चमकली.

"मालकांना सांग," मी म्हणालो, आणि इतक्या गोड आवाजात मी बायकोशीही कधी बोललो नाही, "हात फार छान झालाय. घरच्या माणसाचा हात घरच्या माणसाने ओळखू नये, याचं मात्र वाईट वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

जावयाची चावी फिरायची थांबली. पॉलिशवालीने प्लॅस्टरकडे बघितलं, मालकाच्या खांद्याकडे बघितलं, कारण हात तर दिसत नव्हता, आणि तोंडाला पदर लावला.

तर हा भामटासुद्धा मेणात हात बुडवत होता. मी सकाळी, तो सगळे गेल्यावर. तोही मोजा पातेल्यातच टाकायचा. कुठल्या तरी संध्याकाळी घाईत चुकून भंगारात टाकला, आणि पुढे सापडल्यावर माझाच समजून माझ्या फजितीसाठी त्याने स्वतःचीच फजिती ओतून, घासून, वाळवून टेबलावर मांडली. असलं नशीब माणसाला जन्मात एकदा मिळतं. मला तर वाटलं, आता सुखाने मेलो तरी चालेल.

पण साडू म्हणजे साडू. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मान मात्र खाली गेली नाही.

"त्याला सांग, माझा हात दुखतो, पण चालतो. अजून कोरतो मी. त्याचा चालतो का? बाहेर चल म्हणावं. माझ्यासमोर गिअर टाकून दाखव म्हणावं. नाही पडला तर उशी."

"मालकांना सांग, उशी त्यांनी—"

"मी काय तुमची टपालपेटी आहे?" पॉलिशवाली भडकली. "दोन हात, दोन म्हातारे, आणि घसा माझा कोरडा! माझं चाक आत रिकामं फिरतंय. तुमचं तुम्ही बोला, नाहीतर एकमेकांना चावा. दात इथे भरपूर आहेत." आणि ती गेली.

बाहेर सायकलपाशी आम्ही दोघं आणि लांब उभा जावई. मध्ये कुणी नाही. मी मागचं चाक उचलून स्टँडवर घेतलं. साडूने पॅडल धरलं आणि फिरवायला लागला. मी अंगठा खटक्यावर ठेवला आणि ढकलला. कळ कोपरापर्यंत आली, तिथून दाढेपर्यंत गेली, आणि डोळ्यातून बाहेर पडली. खटका तसूभर हलला नाही.

"झालं?" साडू म्हणाला. इतक्या वर्षांनी थेट मला. "रडतोस काय? उशी मऊ आहे."

"तू टाकून दाखव."

"मी का टाकू? मी काय सायकल चालवतो?"

"घाबरलास."

त्याने मला कोपराने ढकललं आणि खटक्याला हात घातला. मी पॅडल फिरवलं. त्याचा चेहरा असा झाला, जसा स्वतःचीच कवळी उलटी घातलीय. खटका त्याच्यापुढेही हलला नाही.

"कुठल्या गाढवाने केलाय हा?" शेवटी तो म्हणाला. "ही काय रुंदी आहे? सगळा जोर एका टोकावर. असा दात मी केला असता तर पेशंट मला चावला असता."

"तू केलेल्या दाताबद्दल माझ्यासमोर बोलू नकोस."

"तुझं तोंडच तसं होतं!"

"आणि तुझा हात असा आहे! कोरायचा चाकू जावयाला देऊन टाक. पावाला लोणी तरी लावेल."

हे त्याला लागलं. त्याने मला दंडाला धरून आत ओढलं, म्हणजे ओढायचा प्रयत्न केला, कारण पकड कुणालाच नव्हती. मग आम्ही आपापले आत गेलो. "आत्ता कोरून दाखवतो," तो म्हणाला. "तुझ्या त्या गाढवाच्या खटक्यावर कोरून दाखवतो. मग तू चढ चढून दाखव. नाही चढलास तर तू टेबलावर."

"आणि तुला कोरता नाही आलं तर?"

"तर चाकू जावयाला."

जावयाने दोघांकडे बघितलं. दोन्ही बाजूंनी फायदा होत असलेला इतका दुःखी माणूस मी पाहिला नव्हता.

साडूने मऊ मेणाचा गोळा केला, खटक्यावर बसवला आणि माझा हात धरून वर दाबला. अंगठा नाही, तळव्याचा खालचा मांसल भाग. "दाब. लाडात नको, चावल्यासारखा दाब." मेणात माझा तळवा उमटला. मग त्याने ते काढून घेतलं आणि पातळ पात्याचा चाकू घेऊन बसला. मी समोर उशीवर बसलो. अपमान करायला दिलेली उशी अपमान बघायला चांगली होती.

बोटं वळत नव्हती त्याची. कडेने मेण सोलताना मध्येच थांबायचा, बोटं चोळायचा, मी बघतोय हे बघून परत चाकू धरायचा. आणि मग तो सुटला. चाकू फरशीवर सपाट पडला.

आम्ही दोघांनी त्याच्याकडे बघितलं. इतकं पातळ पातं सपाट फरशीवरून उचलायला चिमूट लागते. चिमूट त्याच्याकडे नव्हती. माझ्याकडेही नव्हती.

"उचल ना," मी म्हणालो.

"तू उचल. नोकर आहेस."

"मी टेबलावर अजून बसलेलो नाही."

"बसलायस की, उशीवर!"

शेवटी त्याने तो चपलेने भिंतीपर्यंत ढकलला आणि भिंतीला घासत घासत पायाने उभा करत वर आणला. घाम आला त्याला. मी मदत केली नाही. हसलोही नाही, हे मला स्वतःबद्दल सांगायला आवडेल, पण हसलो.

पण कोरलं त्याने. जिभेएवढं रुंद, तळव्याच्या आकाराला खोलगट, कडा गोल. मग कवळीच्या हिरड्यांना वापरतात त्या गुलाबी प्लास्टिकमध्ये ते ओतलं, तारेने खटक्याला पक्कं केलं, पॉलिशवालीने चाकावर चमकवलं. हिरडीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून घालतात ते लाल धागेसुद्धा त्याने घातले. मला टोमणा म्हणून. सायकल अशी दिसायला लागली, जशी कुणाचा तरी घास घेणार आहे.

दुसऱ्या दिवशी साडूने जावयाला स्कूटरवरून माझ्या मागे लावलं. साक्षीदार. चढाच्या पायथ्याला मी जड गिअरमध्ये आलो, मुद्दाम, म्हणजे कुणी म्हणायला नको की आधीच हलका ठेवला होता. चढ सुरू झाला. पाय थांबायला लागले. जावई मागून हॉर्न वाजवत होता, उत्तेजन म्हणून की आनंद म्हणून, त्याचं त्याला माहीत. मी अंगठा मुठीवरून सोडला, तळवा त्या गुलाबी जिभेवर ठेवला आणि वजन टाकलं.

खट्.

चेन चढली. परत दाबला. खट्. पाय मोकळे झाले. तळव्याला दाब कळला, पण कळ अंगठ्यापर्यंत गेली नाही. मी तो चढ असा चढलो की वरच्या डॉक्टरने दार उघडलं तेव्हा डब्यातली कवळी शिट्टी वाजवत होती. जावयाची स्कूटर अर्ध्यात गरम झाली म्हणून तो चालत आला. असं तो तरी सांगतो.

कारखान्यात परत गेल्यावर जावई म्हणाला, "चढले." जसं एखादी वाईट बातमी देतात तसं.

साडूने मान हलवली. खुर्चीवरची उशी त्याने उचलली आणि स्वतःच्या पाठीमागे घेतली. मग नवी कवळी घालून गेलेला प्रत्येक पेशंट परत आला की विचारतो तसं, माझ्याकडे न बघता विचारलं:

"टोचतंय का कुठे?"

कुठेही टोचत नव्हतं. इतकी बरोब्बर वस्तू त्या माणसाने माझ्यासाठी कधी केली नव्हती. आणि ते त्याला सांगायचं म्हणजे त्याच्या घशात मिठाई घातल्यासारखं.

"टोचतंय," मी म्हणालो. "डावीकडे. काम कच्चं आहे. हात गेला तुझा."

"हात गेला म्हणे!" त्याने चाकू आणि कानस उचलली. या खेपेला दोन्ही बोटांत नीट धरून. "आण सायकल. आण इकडे. सोळा पिढ्यांत असं तोंड झालं नसेल कुणाचं, आणि आता हातही तसाच!"

बाहेर उन्हात बसून तो कानसत राहिला, शिव्या देत, बोटं चोळत, परत कानसत, आणि मी वर उभा राहून सांगत राहिलो, अजून, अजून, इथे, तिथे, दिसत नाही का तुला. जावई आतून बघत होता. दुपार उलटून गेली तरी त्या हातातला चाकू काही जावयाकडे गेला नाही, आणि सायकलही नाही.

घासून घासून त्याने त्या खटक्याची कड इतकी पातळ केली की दुसऱ्या दिवशी चढावर तो खरंच टोचला.